कुऱ्हाड, फिडल आणि ५१ पुस्तकं

मित्रहो,

१७७० साली अमेरिकेतल्या केंटकीच्या जंगलात, रेड रिव्हरच्या काठाला सहा शिकारी तळ ठोकून होते. त्यांतला एक डॅनियल बून. अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून हे लोक आले होते. गोऱ्यांची गावं, चर्च, बाजार हे सगळं डोंगरापलीकडे राहिलं होतं. सामान घोड्यावर मावेल तेवढंच. पण त्या सामानात जोनाथन स्विफ्टने लिहिलेलं गलिव्हरच्या प्रवासांचं पुस्तक होतं. बूनने पुढे १७९६ मध्ये जमिनीच्या एका दाव्यात शपथेवर साक्ष दिली. पुस्तक आम्ही करमणुकीसाठी जवळ ठेवलं होतं, असं त्यात तो सरळ सांगतो. रात्री शेकोटीपाशी वाचन चालायचं. एका संध्याकाळी त्यांच्यातला अलेक्झांडर नीली तळावर परतला आणि म्हणाला, आज मी राक्षसांच्या राजधानीत जाऊन दोन राक्षस मारून आलो. पुस्तकातल्या त्या राजधानीचं नाव यांच्या तोंडी ‘लुल्बेग्रड’ असं झालं होतं, आणि तेच नाव शेजारच्या ओढ्याला मिळालं. केंटकीच्या नकाशावर तो ओढा आजही लुल्बेग्रड क्रीक म्हणूनच आहे.

नीलीने मारलेले ते दोघे कोण? काही अभ्यासक म्हणतात बायसन, काही म्हणतात तिथल्या मूळ रहिवाशांपैकी शॉनी जमातीची माणसं. हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवतो. पण तो विसरू नका, कारण व्याख्यानाच्या शेवटाकडे मला याच प्रश्नाशी यायचं आहे.

आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते. आधी पोट, मग डोक्यावर छप्पर, मग थोडी शिल्लक, आणि त्यानंतर कुठे नाच, गाणं, वाचन. अमेरिकेच्या सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे जिथवर सरकली होती त्या टोकावर, राहायला गेलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास वाचताना ही समजूत टिकत नाही. छप्पर व्हायच्या आधी तिथे फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजत होतं. रोख पैसा दिसत नव्हता तेव्हा ग्रंथालय उभं राहत होतं. ही माणसं फार सुसंस्कृत होती, असा दावा मी करत नाही. त्यांच्यात क्रूर माणसं होती, दारूडे होते, निरक्षर होते. माझं म्हणणं एवढंच आहे की एकत्र जमणं ही त्यांची मिठाइतकीच मोठी गरज होती, आणि त्या गरजेपोटी त्यांनी मिळेल त्या कामातून सण काढला.

याचं पहिलं कारण अंतर. केंटकीत सुरुवातीची माणसं लाकडी कोटांच्या आत दाटीवाटीने राहिली. बून्सबरोचा कोट १७७५ चा. पण लढायांची भीती ओसरली तशी प्रत्येकाने आपापल्या जमिनीवर केबिन बांधली. आपल्या डोळ्यांसमोर खेडं म्हटलं की घराला घर लागून, चावडी, देऊळ, विहीर असं चित्र येतं. तिथे तसं काही नव्हतं. पुढे प्रेअरीच्या, म्हणजे गवताळ, सपाट मुलखात तर कायद्यानेच अंतर ठरवून दिलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळायचे, अट अशी की पाच वर्षं त्याच जमिनीवर राहायचं. १६० एकरांचा चौकोन म्हणजे बाजू अर्धा मैल. शेजारी म्हणजे क्षितिजावरचा धूर. अशा मुलखात दिवसच्या दिवस नवरा, बायको आणि मुलं सोडून कोणी दिसत नसे. जमायचं तर कारण लागे, आणि सर्वांत चांगलं कारण म्हणजे एकट्याने होणार नाही असं काम.

आपल्याकडे शेतकरी सावड करतात, इर्जिक घालतात. आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. तिथलं घर उभारणं नेमकं याच रीतीने चालायचं. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम सरहद्दीवर लहानाचा मोठा झालेला जोसेफ डॉड्रिज पुढे धर्मोपदेशक आणि डॉक्टर झाला. आपल्या लहानपणचं जग डोळ्यांदेखत नाहीसं होताना पाहून १८२४ मध्ये त्याने त्याच्या आठवणी छापल्या. नव्या जोडप्याचं घर बांधायला तीन दिवस, असं तो सांगतो. पहिल्या दिवशी झाडं पाडायची, ओंडके ओढून आणायचे, छपरासाठी फळ्या चिरायच्या. दुसऱ्या दिवशी भिंती उभ्या करायच्या. चार कोपऱ्यांवर चार पटाईत माणसं चढायची, बाकीचे खालून ओंडके पुरवायचे. तिसऱ्या दिवशी जमीन, दार, टेबल, तिपाया. मग नवरा-बायको राहायला जायच्या आधी त्या घरात रात्रभर नाच. ओंडके उभे फाडून एका बाजूने कुऱ्हाडीने सपाट केले की झाली जमीन, आणि नाचून नाचूनच ती बसायची. अशा कामाला जो आला नाही, त्याचं नाव सगळ्या पंचक्रोशीत व्हायचं. शिक्षा करायला कोर्ट नव्हतं, पण त्याच्या घराच्या वेळी कोणी फिरकत नसे, आणि ती शिक्षा पुरेशी होती.

डॉड्रिजचं एक वाक्य मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं. लग्नासाठी सगळा मुलूख आतुर असायचा, म्हातारे-तरुण सगळे. कारण कापणी, ओंडके ओढणं, केबिन बांधणं किंवा लढाईचा बेत, यांपैकी काहीही मागे न लागता माणसं जमायची असा तो जवळजवळ एकच प्रसंग होता. म्हणजे बाकी प्रत्येक आनंदाला कामाची जोड होती. निव्वळ आनंदासाठी जमणं म्हणजे लग्न.

आणि लग्न कसं? डॉड्रिजने सगळं लिहून ठेवलं आहे. सकाळी वऱ्हाड नवऱ्याच्या घरून घोड्यांवरून निघायचं, दुपारपर्यंत मुलीकडे पोहोचायचं. रस्ता म्हणजे जंगलातली पायवाट. वाटेत वात्रट पोरं झाडं आडवी पाडून ठेवत, रानद्राक्षांचे वेल वाटेवर ताणून बांधत, झुडपातून एकदम बंदुकांचे बार काढत. घोडे बिथरायचे, मुली किंचाळायच्या, तरुण त्यांना सावरायला धावायचे. मुलीचं घर मैलभर राहिलं की दोन तरुण बाटलीची शर्यत लावायचे. ओंडके, झुडपं, चिखल यांच्यावरून घोडे भरधाव सोडायचे. दारात जो पहिला, त्याला व्हिस्कीची बाटली. ती घेऊन तो मागे फिरायचा आणि पहिला घोट नवऱ्याला द्यायचा. जेवणाला गोमांस, डुकराचं मांस, कोंबड्या, कधी हरीण किंवा अस्वल. टेबल म्हणजे तासलेली एक जाड फळी, खाली चार दांडके. सुऱ्या कमी पडल्या तर पुरुष कमरेचे शिकारी सुरे काढायचे. जेवण झालं की नाच सुरू, तो दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत. बसायला जागा नसे. नाचून थकलेल्या मुलीला नाचत नसलेल्या तरुणाने आपली मांडी देऊ करणं हा शिष्टाचार होता, आणि मुली तो बिनदिक्कत स्वीकारत. ज्या शेजाऱ्याला आमंत्रण गेलं नाही, तो चिडून रात्री वऱ्हाडाच्या घोड्यांची आयाळ आणि शेपट्या कापून जायचा. मानापमान तिथेही होता.

मका सोलण्याची गंमत तुम्हाला आवडेल. शरद ऋतूत कणसांचा ढीग कोठाराशी रचायचा. दोन म्होरके निवडायचे, त्यांनी आळीपाळीने आपले गडी वेचायचे, ढिगाचे दोन भाग करून कोण आधी संपवतो याची पैज. सोलता सोलता ज्या तरुणाला लाल दाण्यांचं कणीस मिळेल, त्याला आवडत्या मुलीचं चुंबन घेण्याचा हक्क. बायकांची जमवाजमव गोधडीभोवती व्हायची. वर्षभर रात्री चिंध्या जोडून वरचा थर तयार केलेला असे, पण तीन थर एकत्र शिवायला मोठी चौकट आणि सात-आठ जणींचे हात लागायचे. दिवसभर चौकटीभोवती बायका, संध्याकाळी पुरुष जेवायला, मग चौकट आढ्याला टांगून नाच. कुणाचं बाळ गेलं, कुणाचा नवरा मारतो, कुठलं औषध लागू पडलं, हे सगळं ज्ञान त्या चौकटीभोवती फिरत होतं. जिथे दाई दहा मैलांवर, तिथे या गप्पांना करमणूक म्हणून हलकं लेखणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. त्या दिवशी तीस-चाळीस माणसांचं जेवण रांधलेलं असायचं ते बायकांनीच. पुरुषांचा सण हा बहुतेक वेळा बायकांच्या कामाचा सर्वांत जड दिवस असे.

आता फिडलबद्दल. ते हलकं, खोगिराच्या पिशवीत मावणारं, स्कॉटलंड-आयर्लंडच्या धून घेऊन आलेलं वाद्य. पण ते वाजवणारे हात सगळे गोरे नव्हते. १७९० च्या जनगणनेत केंटकीतला साधारण दर सहावा माणूस गुलाम होता. कोट बांधताना, जंगल तोडताना ही माणसं होती, आणि नाचाच्या रात्री कोपऱ्यात बसून वाजवतही तीच होती. लुईव्हिलच्या स्थानिक इतिहासात कॅटो वॉट्स नावाच्या गुलाम फिडलवादकाची हकिगत येते. १७७८ च्या पहिल्या नाताळच्या नाचात तो वाजवत होता असं सांगतात. पुढे मालकाला मारल्याच्या आरोपावरून त्याला फाशी झाली. बँजो तर मुळात आफ्रिकी लोकांनी आणलेलं वाद्य. भोपळ्याचं, कातडं ताणलेलं. आज ज्याला आपण अमेरिकन डोंगराळ संगीत म्हणून ओळखतो, त्याचा अर्धा प्राण या माणसांचा आहे, आणि त्यांना त्या रात्री नाचायला मिळत नव्हतं.

धर्मोपदेशकांना फिडल म्हणजे सैतानाची पेटी वाटायची. मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा ख्रिस्ती पंथांच्या घरांत नाच वर्ज्य. पण तरुण मुलामुलींनी त्यातून वाट काढली. वाद्य नको, नाच म्हणायचं नाही. फेर धरून, हातात हात घालून गाणी म्हणायची, टाळ्यांवर पावलं टाकायची आणि त्याला खेळ म्हणायचं. नाचाच्या सगळ्या आकृत्या त्यात यायच्या. लहान मुलं आजही म्हणतात ती ‘स्किप टू माय लू’ अशाच फेरातली. जोडीदार पळवण्याचा तो खेळ होता. जिथे बायकाच नव्हत्या, तिथे आणखी निराळं. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या छावण्यांत १८५० च्या सुमाराला दहांतले नऊ पुरुष. तिथे काही जण दंडाला रुमाल बांधून बायकांच्या जागी नाचायचे.

धर्म मात्र स्वतःच मोठा मेळा झाला. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे बार्टन स्टोन या धर्मोपदेशकाच्या लहानशा लाकडी चर्चपाशी सभा भरली. जवळजवळ आठवडाभर चालली. किती लोक आले याचे अंदाज १० हजारांपासून २० हजार आणि त्याहूनही वर जातात. त्या वेळी केंटकीतलं सर्वांत मोठं शहर लेक्सिंग्टन, त्याची वस्ती जेमतेम अठराशे माणसांची! यावरून कल्पना करा. माणसं गाड्यांतच झोपत होती. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी उपदेश चालू; कोणी गाडीवर उभा, कोणी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, गोरे, काळे, सगळे. माणसं कोसळत होती, थरथरत होती, हसत, नाचत होती. स्टोनने हे सगळे प्रकार एकेक करून नोंदवून ठेवले आहेत. इतिहासकार याला धार्मिक पुनरुज्जीवन म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्या बाईने सहा महिन्यांत घराबाहेरचा आवाज ऐकला नव्हता, तिला हजारो कंठांतून एकाच वेळी उठलेलं भजन ऐकून काय झालं असेल, याचा विचार केल्याशिवाय केन रिज कळत नाही.

त्या गाण्यापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण या सगळ्या काळाने जगाला दिलेली सर्वांत सुंदर गोष्ट मला ती वाटते. या लोकांना वाद्य परवडत नव्हतं, संगीत शिकवणारी शाळा नव्हती. १८०१ च्या सुमाराला विल्यम लिटिल आणि विल्यम स्मिथ यांनी नवी स्वरलिपी छापली. स्वरांची नावं चारच, फा, सोल, ला, मी. आणि प्रत्येकाला वेगळा आकार. फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी, मी शंकरपाळ्याच्या आकाराचा. स्वर कुठल्या रेषेवर आहे हे पाहायचं कारण नाही. आकार दिसला की नाव कळलं, नाव कळलं की सूर सापडला. अक्षरओळख जेमतेम असलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत चार आवाजांतली रचना वाचून गाऊ लागायचा. गावोगाव फिरणारे गायनमास्तर हिवाळ्यात, शेतीची कामं थंडावली की, शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत वर्ग भरवायचे. फी कधी नाणी, कधी मका. गाणारे चार बाजूंना चौकोनात बसायचे, तोंड आत. मधल्या रिकाम्या जागेत आळीपाळीने कोणीही उभं राहून हाताने ताल द्यायचं. आधी सगळी रचना नुसत्या स्वरांच्या नावांनी, मग शब्दांनी. ऐकायला श्रोते नसतात, सगळे गाणारे. आवाज गोड काढण्याची कोणाला फिकीर नसते, मोकळ्या गळ्याने, पूर्ण ताकदीने गायचं. शेजारी अर्धा मैलावर असलेल्या माणसांचं हे गाणं आहे, ते हळू असणारच नव्हतं.

१८१६ मध्ये अनानियास डेव्हिसनने अशा रचनांचा संग्रह काढला, १८३५ मध्ये विल्यम वॉकरने, १८४४ मध्ये जॉर्जियातल्या व्हाइट आणि किंग यांनी. शहरातल्या सुशिक्षित संगीतकारांनी या पद्धतीला अडाण्यांची म्हणून हिणवलं आणि आपल्या शाळांतून ती हद्दपार केली. डोंगरात आणि दक्षिणेत ती टिकली. केंटकीत बेंटन नावाच्या गावी १८८४ पासून मे महिन्याच्या चौथ्या रविवारी लोक वॉकरचं पुस्तक घेऊन गायला बसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीला तर हे गाणं पुन्हा शहरांत गेलं, युरोपात गेलं. चार आकार आणि एक रिकामा चौकोन, एवढ्या भांडवलावर.

आता ज्या पुस्तकांसाठी व्याख्यानाला हे नाव दिलं त्यांच्याकडे येतो. आग्नेय ओहायोत एम्स नावाची वस्ती. १८०३-०४ चा काळ. लोकांकडे जमीन होती, मका होता, पण नाणं जवळजवळ नव्हतं. एका सभेत लोकांनी ठरवलं की आपल्याला ग्रंथालय हवं. पैसे कुठून? जंगलात रॅकून, म्हणजे मांजराएवढे केसाळ प्राणी, भरपूर होते, आणि पूर्वेकडे त्यांच्या कातड्यांना भाव होता. हिवाळ्यात माणसांनी, पोरांनी रॅकून मारले, कातडी गोळा केली. सॅम्युअल ब्राउन नावाचा शेजारी गाडी घेऊन बोस्टनला निघाला होता, त्याने कातडी विकली आणि त्या पैशांत ५१ पुस्तकं आणली. टॉमस युइंग नावाच्या पोराने या निधीला दहा कातडी दिली होती; त्याची सगळी मिळकत तेवढीच होती. तो ती पुस्तकं पुन:पुन्हा वाचत मोठा झाला, १८१५ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या पहिल्या दोन पदवीधरांपैकी एक झाला, पुढे सिनेटर आणि अमेरिकेचा अर्थमंत्री, आणि १८४९ मध्ये देशाचा पहिला गृहखात्याचा मंत्री; सरकारी जमिनी आणि मूळ रहिवाशांचा कारभार पाहणारं ते खातं. युइंग मंत्री झाला म्हणून हे ग्रंथालय मोठं ठरतं असं मी म्हणणार नाही. मंत्री न झालेल्या सगळ्यांनीही तीच पुस्तकं वाचली होती, आणि त्यांना माहीत होतं की एका पुस्तकाची किंमत किती रात्रींची शिकार आहे.

शाळेच्या एका खोलीत रात्री वादसभा भरायच्या, स्पेलिंगच्या पैजा लागायच्या. वेबस्टरची निळ्या पाठीची स्पेलिंगची पुस्तिका आणि १८३६ पासून मॅकगफीची वाचनमाला, ही घराघरातली पुस्तकं. सगळं गाव दोन बाजूंना उभं राही; चुकला तो बसला. लिंकनची शाळा सगळी मिळून वर्षभराचीही झाली नाही, असं तो स्वतःच लिहितो. पण १८३१ मध्ये इलिनॉयच्या न्यू सेलममध्ये आला तेव्हा त्याने तिथल्या जॅक आर्मस्ट्राँग या पैलवानाशी कुस्तीही खेळली आणि तिथल्या वादसभेत भाषणंही केली. एकाच गावात, त्याच माणसांसमोर. शरीर आणि बुद्धी यांचे आखाडे तिथे वेगळे नव्हते. या वादसभांत एक विषय वारंवार येई: तक्रार करण्याचं कारण अधिक कोणाला, इंडियनाला (म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशाला) की निग्रोला? शेकोटीच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी गोरी माणसं हिरिरीने वाद घालत. ज्यांच्या तक्रारीबद्दल बोलणं चाललं, ते त्या खोलीत नसत.

मिसिसिपीच्या पश्चिमेला झाडं संपली. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या लाद्या नांगराने कापून घरं रचली. पाऊस पडला की छत गळायचं, आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहायचं. सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकाराने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत घरोघर हिंडून या माणसांची छायाचित्रं काढली. त्यांत हिल्टन कुटुंबाचं एक आहे. घरातल्या बाईला आपली पायपेटी पूर्वेकडच्या नातेवाइकांना दाखवायची होती, पण मातीचं घर दाखवायचं नव्हतं. म्हणून पेटी बाहेर ओढून आणली, अंगणात ठेवली, भोवती सगळं कुटुंब उभं राहिलं आणि मागे गुरं. छायाचित्र झाल्यावर पेटी परत आत. लोक हे छायाचित्र पाहून हसतात. मला त्या बाईबद्दल आदर वाटतो. जिथे पाणी लांबून आणावं लागे, तिथे तिने पेटी आणली होती.

कॅन्ससमध्ये लिंड्सबोर्ग हे स्वीडिश शेतकऱ्यांचं गाव, १८६९ मध्ये वसलेलं. तेरा वर्षांत, १८८२ च्या मार्चमध्ये, त्यांनी हँडलचा ‘मसाया’ ही ख्रिस्ताच्या जीवनावरची मोठी समूहगायनाची रचना गायली. पास्टर कार्ल स्वेन्सन यांनी बेत केला, त्यांची बायको अल्मा हिने गायक तयार केले. गायक म्हणजे शेतकरी, घरी स्वीडिश बोलणारे; गाड्यांतून तालमीला यायचे. ती परंपरा आजतागायत चालू आहे. टेक्ससमधल्या जर्मनांनी न्यू ब्राउनफेल्सला १८५३ मध्येच गायनमहोत्सव भरवला होता. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेने पहिल्यापासून बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं. तिच्या सभांत भाव आणि रेल्वेच्या भाड्यांच्या बरोबरीने गाणी, निबंध, सहली असत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि परतल्यावर त्यांनी मराठीत जे लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या मंडळांवर फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. त्या मंडळांची मुळं गोधडीच्या चौकटीपर्यंत पोहोचतात असं मला वाटतं.

याच कॅन्ससमध्ये निकोडेमस आहे. १८७७ मध्ये मुख्यतः केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोपटांत काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या मूळ रहिवाशांनी त्यांना अन्न दिलं, ही आठवण तिथे अजून सांगितली जाते. आणि त्यांनीही ताबडतोब सण सुरू केला, मुक्तिदिनाचा, ऑगस्टच्या सुरुवातीला. ज्यांचे आजोबा केंटकीत कोपऱ्यात बसून वाजवत होते, ते इथे स्वतःसाठी नाचले. पुढे रेल्वे गावाला टाळून गेली, गाव ओस पडत गेलं, पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभर पांगलेले वंशज अजूनही तिथे जमतात.

आता लुल्बेग्रडच्या त्या दोन राक्षसांकडे. हा सगळा मुलूख रिकामा नव्हता. केंटकी ही शॉनी आणि चेरोकी लोकांची शिकारभूमी होती. नेब्रास्कातून पॉनी लोकांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. त्यांचे नाच होते, खेळ होते, हिवाळ्यातच सांगायच्या गोष्टी होत्या. बुचर ज्या दशकात मातीच्या घरांसमोर पेट्यांची छायाचित्रं काढत होता, त्याच दशकात, १८८३ मध्ये, गृहखात्याचा मंत्री हेन्री टेलर याच्या आदेशाने मूळ रहिवाशांचे सूर्यनृत्यासारखे नाच गुन्हा ठरवण्यात आले. जो नाचेल त्याचं रेशन बंद, पुन्हा नाचला तर कैद. एका बाजूला सरकार गोऱ्या कुटुंबाला १६० एकर देत होतं, जिथे शनिवारी रात्री फिडल वाजत होतं. दुसऱ्या बाजूला तेच सरकार ढोल वाजवणाऱ्याच्या पोराचं पीठ तोडत होतं. टेलरने युइंगच्याच खात्यातून हा आदेश काढला. रॅकूनची कातडी विकून शहाणा झालेल्या मुलाने ज्या खुर्चीवर पहिल्यांदा बसून काम केलं, तिथूनच.

माणसाला जमण्यावाचून राहवत नाही हे मी वसाहतकऱ्यांबद्दल सांगितलं. राखीव प्रदेशांत कोंडलेल्या लोकांनाही तेच लागू होतं. त्यांनी एक तारीख हेरली. चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी देशभक्तीचा उत्सव म्हटल्यावर सरकारी एजंटाला नाही म्हणणं अवघड जायचं. लाकोटा आणि इतर अनेक जमाती झेंडा उभारून त्याच्याभोवती आपले नाच करू लागल्या, भेटवस्तू वाटू लागल्या, मुलांना गाणी देऊ लागल्या. बंदी १९३४ मध्ये मूळ रहिवाशांच्या कारभाराचा सरकारी आयुक्त जॉन कॉलियर याने उठवली. तोपर्यंतचं अर्धं शतक यातले कितीतरी नाच वसाहतकऱ्यांच्या सर्वांत लाडक्या सुट्टीच्या आडोशाने जिवंत राहिले, आणि अनेक जमातींचे मोठे मेळे आजही जुलैच्या पहिल्या आठवड्यातच भरतात.